डोनर गाडी निवडताना: पत्रा सोडा, यंत्र आणि कागद बघा

इंग्लंडमधल्या लेस्टरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लोटस सेव्हनच्या धाटणीची दोन आसनी किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून जोडायची गाडी, घरच्या गाळ्यात बांधायची आहे आणि त्यासाठी जुनी माझदा एमएक्स-५ डोनर म्हणून, म्हणजे तिचे भाग काढून वापरण्यासाठी, विकत घेऊन खोलायची आहे. दोन गाड्या नजरेत आहेत, दोन्ही दुसऱ्या पिढीतल्या. पहिली १.८ लिटरची, ६०० पौंडांना. ती काही वर्षं शेडमध्ये उभी आहे, चालू होत नाही, मालक म्हणतो "फक्त बॅटरी गेली आहे", आणि त्याच्याकडे व्ही५सी लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा सरकारी कागद, नाही. दुसरी १.६ लिटरची, १,१०० पौंडांना. ती चालते, कागद पूर्ण आहेत, पण दाराखालचे सिल आणि पुढचे चॅसिस रेल गंजल्यामुळे नुकतीच एमओटीत, म्हणजे दर वर्षीच्या सक्तीच्या तपासणीत, नापास झाली आहे. कोणती घ्यावी? घरासमोर महिनोन्‌महिने सांगाडा पडून राहील अशी वहिनींना काळजी आहे, तिचं काय करावं? आणि पुढेमागे भारतात परतायची वेळ आली तर तयार झालेली गाडी नाशिकला नेता येईल का?

दुसरी घ्या. ५०० पौंड जास्त मोजून घ्या. मी इथे मिडलंड्समध्ये बरीच वर्षं लोकांना डोनर निवडून द्यायचं आणि खोलून द्यायचं काम करतो, त्या अनुभवावरून हे सांगतो आहे. मात्र हे उत्तर कशावर अवलंबून आहे तेही नीट समजून घ्या, कारण तुमचा किट वेगळा असता तर मी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

डोनरकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात: चालताना आपण स्वतः पाहिलेले भाग, एकमेकांशी जुळणारे भाग, आणि ते सगळे एकाच गाडीचे आहेत हे दाखवणारा कागद. पत्रा, रंग, छप्पर, दारं, काचा हे आपण काढूनच टाकणार. त्यामुळे नेहमीचा गिऱ्हाईक जे बघून पाठ फिरवतो त्यातच आपली सवलत असते, आणि तो ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही तिथे आपण डोळ्यांत तेल घालून बघायचं.

तुमच्या दुसऱ्या गाडीचंच घ्या. एमएक्स-५ला मारतो तो गंज. मागच्या चाकांच्या पुढे सिलमध्ये पाणी आणि माती साठते आणि पत्रा आतून कुजतो. दुसऱ्या पिढीत पुढचे चॅसिस रेल त्याहून वाईट, कारण तिथे पत्र्याचे थर एकावर एक आहेत आणि गंज त्यांच्या मधे वाढतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जातो. रस्त्यावर चालवण्यासाठी गाडी घेणाऱ्याला ही दुरुस्ती परवडत नाही, वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. म्हणून अशा गाड्या विकायला निघतात. तुमच्या किटला तर स्वतःची नवी चॅसिस आहे. जो भाग नापास झाला तो तुम्हाला नकोच आहे. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) मात्र त्या मालकाने परवापर्यंत रोज वापरलेले आहेत. डोनर म्हणून याहून चांगली गाडी शोधून सापडत नाही.

आता किटचा मुद्दा, कारण पुष्कळ जण गाडी आधी घेतात आणि किट नंतर ठरवतात. क्रम उलटा हवा. किट कंपनीकडून डोनर पार्ट्‌सची छापील यादी मागून घ्या आणि ती हातात आल्याशिवाय गाडीवर पैसे लावू नका. एक्झोसेटसारख्या किटमध्ये एमएक्स-५चं जवळजवळ अख्खं खालचं अंग जसंच्या तसं येतं: पुढची-मागची सबफ्रेम (सस्पेन्शन जिला जोडलेलं असतं ती चौकट), सस्पेन्शन, इंजिन, गिअरबॉक्स आणि गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी लांब ॲल्युमिनियमची फ्रेम. बोल्ट काढून वरचा सांगाडा उचलायचा की खाली सगळं एकसंध उरतं. अशा किटला सबफ्रेमचा गंज फार महत्त्वाचा. सेव्हनच्या धाटणीच्या बऱ्याच किटमध्ये विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारे सस्पेन्शनचे हात) नवे येतात आणि डोनरकडून इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हब, ब्रेक, स्टिअरिंग कॉलम, वायरिंग असं निवडक घेतलं जातं. तिथे सबफ्रेम गंजली असली तरी बिघडत नाही. तुमची यादी कोणत्या प्रकारात बसते ते आधी बघा, आणि १.६चं डिफरन्शियल आणि ड्राइव्हशाफ्ट त्यांच्या चॅसिसला चालतात का हे कंपनीकडून लेखी घ्या. ताकदीची चिंता करू नका. दुसऱ्या पिढीच्या १.६ला साधारण ११० हॉर्सपॉवर आणि १.८ला १४० असते. मूळ गाडी टनभर वजनाची, तुमची तयार गाडी त्याहून कितीतरी हलकी होणार. ११०मध्ये ती मनसोक्त पळेल.

जाता जाता डोनर म्हणून हीच गाडी का, तेही सांगतो. किट कारचा नाद इथे जुना आहे. १९५७ साली लोटस सेव्हन आली तेव्हा सुट्या भागांत घेतलेल्या गाडीवर पर्चेस टॅक्स लागत नसे, म्हणून लोक घरी जोडत. १९७३ साली व्हॅट आला आणि ती सवलत संपली, पण नाद राहिला. नंतर अनेक वर्षं फोर्डच्या एस्कॉर्ट आणि सिएरा डोनर होत्या. सिएराचं उत्पादन १९९३ला थांबलं, आता ती भंगारात सापडत नाही, सापडली तर तिचाच भाव चढलेला असतो. एमएक्स-५ १९८९पासून निघते आहे, मागची चाकं ओढणारी आहे, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आहे, आणि गंजलेल्या गाड्या अजून मिळतात. तरी त्यांचेही दिवस भरत आले आहेत. दर वर्षी चांगल्या डोनरचा भाव थोडा वर सरकताना मी बघतो आहे.

आता कागद. इथेच तुमची ६०० पौंडांची गाडी मार खाते.

किट तयार झाला की त्याला आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मान्यता देणारी सरकारी चाचणी, पास व्हावी लागते आणि मग डीव्हीएलए हे वाहन नोंदणीचं सरकारी खातं नंबर देतं. नव्या चॅसिसवर एकाच डोनरचे किमान दोन मुख्य भाग असतील, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ॲक्सल, स्टिअरिंग यांपैकी, तर डोनरच्या वयाला धरून नंबर मिळू शकतो. हे सिद्ध करता आलं नाही तर क्यू नंबर, म्हणजे वय किंवा ओळख ठरवता न आलेल्या गाडीला मिळणारा, क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर. क्यू नंबर म्हणजे जगबुडी नव्हे, कित्येक सुंदर गाड्या त्याच नंबरावर फिरतात. पण त्यावर पसंतीचा नंबर लावता येत नाही, आणि विकायला गेलात की घेणारा पहिला प्रश्न त्याचाच विचारतो. शिवाय चाचणीत धुराचा कोणता निकष लागू होणार ते इंजिनाच्या वयावर ठरतं, आणि वयाचा पुरावा म्हणजे पुन्हा डोनरचा कागद. नियमांत अधूनमधून बदल होतात, म्हणून पैसे देण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावरचं किट गाड्यांच्या नोंदणीचं पान स्वतः वाचा. जुन्या ओळखीच्या माणसाने काय केलं होतं त्यावर विसंबू नका.

व्ही५सीवर इंजिन नंबर छापलेला असतो. गाडी बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या आणि इंजिनावर कोरलेला नंबर कागदाशी अक्षर न्‌ अक्षर पडताळून बघा. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत इंजिन कधीतरी बदललेलं असू शकतं आणि मालकाने ते कळवलेलं नसतं. असं निघालं तर आधी त्याच्याकडून नोंद दुरुस्त करून घ्या, मग पैसे द्या. चॅसिस नंबरही तसाच पडताळा, तो इंजिनाच्या मागे असलेल्या बॉडीच्या भिंतीवर कोरलेला असतो. दोन्हींचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. पुढे कुणी जुना नंबर कापून नव्या चॅसिसला वेल्ड करायचा सल्ला दिला तर ऐकू नका, तो गुन्हा आहे. नव्या चॅसिसची ओळख वेगळीच असते.

हप्ते बाकी आहेत का, चोरीची नोंद आहे का, अपघातानंतर विमा कंपनीने निकाली काढलेली आहे का, याची पैसे भरून तपासणी करून घ्या. व्ही५सी हा मालकीचा पुरावा नाही, त्यावर फक्त नोंदणीकृत वापरकर्त्याचं नाव असतं. म्हणून विक्रीची पावती वेगळी हवी, तारीख, नंबर, रक्कम आणि दोघांच्या सह्यांनिशी. निकाली गाड्यांत ए वर्गाकडे फिरकूही नका, ती अख्खी चिरडायची असते. बी वर्गाचे भाग वापरता येतात पण सांगाडा चिरडावा लागतो, आणि त्या नोंदीवर पुढे वयानुसार नंबर मागणं म्हणजे विकतचं दुखणं. एस आणि एन हे दुरुस्त करता येणाऱ्या गाड्यांचे वर्ग चालतात. जुनी एमओटी मात्र फुकट बघता येते, नुसता गाडीचा नंबर टाकायचा. दर वर्षीचं मायलेज आणि परीक्षकाच्या सूचना ओळीने वाचल्या की त्या गाडीला कसं वागवलं गेलं ते कळतं. टायर, ब्रेक, बल्ब वेळेवर बदलणारा माणूस बहुधा ऑइलही वेळेवर बदलतो.

व्ही५सी नसलेली गाडी अजिबातच घेऊ नये असं नाही. नवीन कागदासाठी व्ही६२ अर्ज असतो, त्याची फी २५ पौंड आहे. पण तो अर्ज विकणाऱ्यानेच करावा, कागद त्याच्या नावावर यावा आणि मग तुम्ही पैसे द्यावेत. "तुम्ही नंतर करून घ्या, सोपं आहे" असं म्हणणारा माणूस ते सोपं काम स्वतः का करत नाही, हा प्रश्न त्याला सरळ विचारा.

"फक्त बॅटरी गेली आहे" याबद्दलही बोलतो. तसं असेल तर विकणाऱ्याने नवी बॅटरी टाकून गाडी चालू करून दाखवली असती आणि भाव वाढवून मागितला असता. बंद गाडीचं इंजिन कदाचित उत्तम असेल. पण ते तुम्हाला कळेल ते नव्या चॅसिसमध्ये बसवून, वायरिंग जोडून, किल्ली फिरवल्यावर. तेव्हा आवाज आला तर दोष इंजिनाचा, तुमच्या वायरिंगचा की पेट्रोलच्या नळीचा, हे शोधण्यात उमेद खचते. अर्धवट सोडलेले किट मी विकत घेतले आहेत, आणि त्यांतले पुष्कळ या टप्प्यावर थांबलेले होते. चालत्या गाडीतून काढलेलं इंजिन नव्या चॅसिसमध्ये चालू झालं नाही, तर दोष जोडणीत आहे एवढं नक्की ठाऊक असतं. त्या खात्रीसाठीच ते ५०० पौंड मोजायचे.

दुसरी गाडी बघायला जाताना इंजिन थंड असू दे, तसं विकणाऱ्याला आधीच सांगा. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. चालू होताना निळा धूर येतो का बघा. वरच्या बाजूने हलकी टिकटिक आली तर लगेच घाबरू नका; खालून येणारा जड ठोका मात्र निर्णय बदलणारा. कूलंट तपकिरी असेल तर निगा राखलेली नाही. थंड गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर थोडा अडतो, ते या गाडीत नेहमीचं आहे, गरम झाल्यावरही करकरला तर भाव पाडा. मागचे ब्रेक कॅलिपर आणि क्लचचा स्लेव्ह सिलिंडर खराब निघेल असं धरूनच चाला, दोन्ही स्वस्तात बदलतात. टायमिंग बेल्टची पावती आहे का विचारा. नसेल तर इंजिन बाहेर असताना तो बदलणं सोपं आहे. शक्य असेल तर कॉम्प्रेशन टेस्टर, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा मीटर, घेऊन जा. चार सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं, प्रत्यक्ष आकडा मीटरगणिक थोडा बदलतो.

चालवून बघायचं असेल तर एक लक्षात घ्या: ती एमओटीत नापास आहे. सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नका, मालकाच्या आवारात किंवा जॅकवर चढवून जेवढं कळेल तेवढं बघा. घरी आणायची तर ट्रेलरवरच. डिसेंबर २०२१पासून साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, आणि ट्रेलर दिवसाच्या भाड्याने मिळतो. ओढणारी गाडी तेवढी दमदार हवी. आणल्यावर सॉर्न करा, म्हणजे गाडी रस्त्यावर वापरात नाही असं डीव्हीएलएला कळवा, आणि गाडी स्वतःच्या जागेतच ठेवा, रस्त्याच्या कडेला नको.

आता वहिनींची काळजी. ती रास्त आहे. घरासमोर चाकं नसलेला सांगाडा वर्षभर पडून राहिला की घरातला उत्साह संपतो आणि शेजाऱ्यांचाही संयम. यावर उपाय म्हणजे खोलायचं काम लांबवायचं नाही. त्यासाठी आधी गाळ्याची तयारी करा: कप्पे, डबे, झिपच्या पिशव्या, मास्किंग टेप, ऑइलने न पुसणारं मार्कर. भाग काढला की त्याचे बोल्ट त्याच पिशवीत, पिशवीवर नाव. बोल्ट काढण्यापूर्वी फोटो.

पहिल्यांदा विकायच्या वस्तू उतरवा. हार्डटॉप, म्हणजे वर बसवायचं टणक छप्पर, असेल तर तो एकटाच किमतीचा मोठा वाटा परत देतो. सीट, दारं, बूटचं झाकण, मऊ छप्पर, दिवे यांना गिऱ्हाईक असतं, कारण ही गाडी जपणारे लोक इथे खूप आहेत. एअरबॅगला हात लावण्याआधी बॅटरी काढून थोडा वेळ थांबा. एसी असेल तर गॅस परवानाधारक माणसाकडून काढून घ्या, हवेत सोडणं बेकायदा आहे. जुनं ऑइल आणि कूलंट कौन्सिलच्या पुनर्वापर केंद्रावर विचारून न्या, गटारात काहीही जाता कामा नये.

वायरिंग अख्खं काढा, एकही वायर कापू नका. डॅशबोर्ड उतरवल्यावर प्रत्येक कनेक्टरला टेप लावा आणि तो कुठे जातो ते लिहा. "काळा, चौकोनी" असं लिहून उपयोग नाही, "डावीकडचा वायपर" असं लिहा. किल्ली, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि इमोबिलायझरचा डबा (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारा) ही एक जोडी आहे, ती एकाच खोक्यात राहू द्या. त्यातलं एक हरवलं तर बाकीचं मुकं होतं. स्टिअरिंग कॉलम कुलपासकट ठेवा, आयव्हीएमध्ये चोरीविरोधी कुलूप आणि धडकेत आत दबणारा कॉलम दोन्ही बघतात. चाचणी पास होईपर्यंत लहानसहान ब्रॅकेटसुद्धा टाकू नका.

एक ठिकाण हमखास छळतं, ते आधीच सांगून ठेवतो. मागच्या हबच्या तळाशी आडवा जाणारा लांब बोल्ट असतो, तो विशबोनच्या दोन कानांमधून आणि मधल्या हबमधून जातो. नट सुटतो, पण बोल्ट हबमध्ये गंजून एकजीव झालेला असतो. हातोड्याने ठोकत बसलात तर बोल्टचं डोकं पसरतं आणि हबला तडा जाऊ शकतो. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, दुसऱ्या दिवशी हबला बाहेरून उष्णता द्या आणि बोल्ट पान्याने मागेपुढे हलवून बघा. तरी हलला नाही तर हट्ट सोडा, विशबोन आणि हब यांच्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडे कापा आणि उरलेला तुकडा प्रेसवर काढून घ्या. नवा बोल्ट आणि नवे बुश मिळतात, हब मात्र तुम्हाला हवा आहे.

सांगाड्याचं काय? सस्पेन्शन निघालं की तो ढकलता येत नाही, म्हणून आधीच जाड लाकडाची चौकट करून तिला चाकं लावून ठेवा. इंजिन, चाकं काढलेल्या गाडीसाठी अधिकृत भंगार केंद्र कधी पैसे मागतं, तर कधी क्रेनचा ट्रक पाठवून स्वतः उचलतं, दोन-तीन ठिकाणी फोन करा. भंगाराचे पैसे इंग्लंडमध्ये रोख देता येत नाहीत, ते बँकेतच येतील. रोखीची भाषा करणाऱ्याला सांगाडा देऊ नका. आणि सांगाडा देण्यापूर्वी डीव्हीएलए आणि किट कंपनी या दोघांना विचारून घ्या. सर्टिफिकेट ऑफ डिस्ट्रक्शन, म्हणजे गाडी मोडीत काढल्याचा दाखला, निघालं की ती गाडी सरकारदरबारी संपते, आणि त्याच गाडीच्या ओळखीवर तुम्हाला नंबर मागायचा आहे. व्ही५सी आणि सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा, नोंदणीच्या अर्जासोबत त्याच लागतील.

एवढं करायला जागाच नसेल, फ्लॅटमध्ये राहत असाल किंवा घरमालकाची हरकत असेल, तर खोललेल्या, साफ केलेल्या भागांचा संच काही किट कंपन्या आणि ब्रेकर, म्हणजे जुन्या गाड्या खोलून भाग विकणारे, विकतात. महाग पडतो, हार्डटॉप विकून पैसे सुटत नाहीत, पण अंगण मोकळं राहतं. तेव्हा एकच अट घाला: भाग एकाच गाडीचे हवेत आणि तिचा व्ही५सी सोबत हवा. तुमच्याकडे गाळा आहे, म्हणून मी अख्खी गाडी घ्यायला सांगतो आहे.

नाशिकचा बेत मात्र सोडून द्या. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि तुमच्या गाडीचे कागद तर डोनरच्या वयाचे असतील. तिथे नेऊन भारतीय डोनरवर नव्याने बांधायचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे आणखी स्पष्ट केलं आहे. परतायची वेळ आली तर गाडी इथेच विका. नीट बांधलेल्या, वयानुसार नंबर असलेल्या आणि पावत्यांची फाइल सोबत असलेल्या किट कारला इथे गिऱ्हाईक मिळतं.